मित्राला बेत विचारताना : स्पॅनिश संभाषणातील भविष्यार्थक रचना आणि मराठी भाषक अध्येता

सारांश

मित्राला 'रविवारी काय करणार आहेस?' असे विचारणे हे कोणत्याही भाषेतील दैनंदिन संभाषणाचे एक मूलभूत कार्य आहे. स्पॅनिश भाषेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात या कार्याला आरंभीच स्थान दिले जाते. प्रस्तुत लेखात या एका प्रश्नाभोवती येणाऱ्या स्पॅनिश रचनांची मराठीतील समांतर रचनांशी तुलना केली आहे. यांपैकी बहुतेक रचना इंग्रजीपेक्षा मराठीच्या अधिक जवळच्या आहेत. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला स्पॅनिश शिकवताना इंग्रजीला मध्यस्थ करण्याची आवश्यकता नाही, किंबहुना अनेक ठिकाणी ते अपायकारक ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे. ज्या ठिकाणी मराठीच अध्येत्याची दिशाभूल करते, ती ठिकाणेही स्वतंत्रपणे दाखवली आहेत.

प्रस्तावना

स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा असून जगातील सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांमध्ये तिचा समावेश होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परकीय भाषांच्या यादीत स्पॅनिशचा उल्लेख आहे. साहजिकच महाविद्यालयीन पातळीवरही या भाषेच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचा विचार होऊ लागला आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले, पाथर्डी, जामखेड किंवा कर्जत यांसारख्या तालुक्यांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. परकीय भाषेची बाजारात मिळणारी स्वयंशिक्षणाची पुस्तके आणि शब्दकोश मात्र बहुधा इंग्रजीतून असतात. परिणामी स्पॅनिश शिकण्यासाठी आधी इंग्रजी चांगले हवे, असा एक समज दृढ झाला आहे. या समजामुळे इंग्रजीत मागे पडलेला विद्यार्थी दुसऱ्या एका भाषेच्या दारातूनही परत फिरतो. हा समज भाषिकदृष्ट्या कितपत टिकतो, हे एका लहान पण नित्य उपयोगाच्या संभाषणाच्या आधारे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

स्पॅनिश उदाहरणे देवनागरीत दिली असून उच्चार सामान्यतः लॅटिन अमेरिकेतील प्रघातानुसार आहेत. स्पॅनिशमध्ये 'ह' हे अक्षर लिहिले जाते, पण उच्चारले जात नाही. तसेच 'ब' आणि 'व' यांची अक्षरे वेगळी असली तरी उच्चार एकच आहे. तो येथे 'ब'ने दाखवला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इबेरियन द्वीपकल्पातील भाषा आणि मराठी यांचा संबंध नवा नाही. १७७८ मध्ये रोम येथे मराठीचे एक व्याकरण छापले गेले. ते पोर्तुगीज भाषेत लिहिलेले होते आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी भगिनीभाषा होय. निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी बोली आपण सांगत आहोत, असे त्या ग्रंथाच्या शीर्षकातच नमूद आहे. अहमदनगर ही निजामशाहीची राजधानी. ते राज्य १६३६ मध्येच लयास गेले होते, तरी ग्रंथाच्या शीर्षकात या प्रदेशाची ओळख त्याच नावाने राहिली. त्या व्याकरणाने मराठी ही परकी भाषा अध्येत्याला परिचित असलेल्या भाषेतून समजावून दिली, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अलीकडच्या काळात बार्सिलोना येथे जन्मलेले व्हिसेंते फेरर (१९२०–२००९) हे १९५२ मध्ये जेझुइट म्हणून भारतात आले आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या मनमाड परिसरातील शेतकऱ्यांमध्ये त्यांनी काम केले. १९६८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला; पुढे परत आल्यावर त्यांनी अनंतपूर हे कार्यक्षेत्र निवडले. स्पॅनिश भाषक माणूस मराठी खेड्यांत वावरू शकतो, याचे हे उदाहरण आहे. उलट दिशेचा प्रवास, म्हणजे मराठी खेड्यातील विद्यार्थ्याचा स्पॅनिशकडे, हा आजचा प्रश्न आहे.

१. 'करशील' आणि 'करणार आहेस'

शालेय व्याकरणात भविष्यकाळाची ओळख 'मी करीन, तू करशील, तो करील' या रूपांनी करून दिली जाते. बोलताना मात्र मित्राचा बेत विचारण्यासाठी ही रूपे क्वचितच वापरली जातात. 'उद्या काय करशील?' हा प्रश्न ऐकणाऱ्याला काहीसा काल्पनिक वाटतो. जणू एखादी परिस्थिती गृहीत धरून तो विचारला आहे. 'माझं एक काम करशील का?' यात तर ते रूप विनंतीचे आहे. ठरलेला बेत विचारायचा असेल तर मराठी भाषक 'उद्या काय करणार आहेस?' असेच म्हणतो. उत्तरातही हा भेद टिकतो. 'मी येईन' यात आश्वासन किंवा त्या क्षणी घेतलेला निर्णय असतो. 'मी येणार आहे' यात आधीच ठरलेली गोष्ट असते.

स्पॅनिशमध्येही दोन रचना आहेत. 'के आरास मान्याना?' (उद्या काय करशील?) हा साध्या भविष्यकाळातील प्रश्न व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण मित्रांच्या बोलण्यात अधिक प्रचलित आहे तो 'के बास आ आसेर मान्याना?' (उद्या काय करणार आहेस?) हा प्रश्न. 'इर' म्हणजे जाणे या क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप, त्यापुढे 'आ' हे शब्दयोगी अव्यय आणि त्यापुढे मूळ क्रियापद अशी तिची घडण आहे. 'बोय, बास, बा, बामोस, बान' ही पाच रूपे आली की कोणत्याही क्रियापदाचा बेत सांगता येतो : 'बोय आ एस्तुद्यार' (मी अभ्यास करणार आहे), 'बा आ ट्राबाहार' (तो किंवा ती काम करणार आहे), 'बामोस आ कोमेर' (आम्ही जेवणार आहोत). साध्या भविष्यकाळातील अनियमित रूपांचे पाठांतर त्यामुळे पुढे ढकलता येते.

मराठी विद्यार्थ्याला येथे आणखी एक सोय आहे. 'काय करतोस?' आणि 'काय करतेस?' असा लिंगभेद वर्तमानकाळात करावा लागतो. '-णार' या रूपात तो नाही. मुलगा असो वा मुलगी, 'येणार आहेस' हे एकच रूप. स्पॅनिश क्रियापदही लिंगानुसार बदलत नाही. म्हणून 'बास आ'ची जोड '-णार आहेस'शी घालून दिली, तर अर्थ, प्रसंग आणि लिंगनिरपेक्षता या तिन्ही बाबतींत ती बरोबर बसते.

एका ठिकाणी मात्र सावधगिरी हवी. 'बोय आ कोमेर' याचा शब्दशः अर्थ 'जेवायला जातो' असा होतो आणि प्रसंगी तो अर्थ असूही शकतो. पण बहुतेक वेळा त्यात जाणे नसते, केवळ बेत असतो. मराठीत 'जेवायला जातो' म्हटले की माणूस उठून चालू लागला पाहिजे. 'बोय आ इर' (मी जाणार आहे) येथे जाण्याचे क्रियापद दोनदा आलेले पाहून विद्यार्थी गोंधळतो. पहिले 'जाणे' हे सहायक क्रियापद झाले आहे, हे सांगितले की हा गोंधळ दूर होतो.

२. वर्तमानकाळाने सांगितलेले भविष्य

मराठीत 'उद्या पुण्याला जातो, परवा येतो' हे वाक्य सहज आहे. कालवाचक शब्दानेच भविष्याचा निर्देश होत असल्याने क्रियापद वर्तमानकाळात राहू शकते. स्पॅनिशमध्ये नेमके हेच घडते : 'मान्याना बोय आ पुने' (उद्या पुण्याला जातो). प्रश्नातही 'के आसेस एल दोमिंगो?' (रविवारी काय करतोस?) हे रूप मित्रांमध्ये सर्रास चालते. इंग्रजीतून शिकणाऱ्यास येथे साधा वर्तमानकाळ चालेल की चालू वर्तमानकाळ हवा, असा प्रश्न पडतो. मराठीतून शिकणाऱ्यास तो पडण्याचे कारण नाही.

बेताचा निश्चितपणा कमी असेल तर मराठी भाषक 'जाण्याचा विचार आहे' असे म्हणतो. स्पॅनिशमध्ये 'प्येन्सो इर' म्हणतात. 'प्येन्सो' म्हणजे 'विचार करतो'. सक्ती असेल तर 'अभ्यास करायचा आहे' यासाठी 'तेंगो के एस्तुद्यार' हा प्रयोग आहे. इच्छा विचारताना 'जावंसं वाटतं का तुला?' ही मराठी रचना व्यक्तीला कर्ता न करता चतुर्थीत ठेवते. स्पेनमध्ये याच अर्थाने विचारल्या जाणाऱ्या 'ते आपेतेथे इर?' या प्रश्नातही (येथे स्पेनमधील उच्चार दिला आहे) 'ते' म्हणजे 'तुला' असाच अर्थ आहे. 'मला आवडते' आणि 'मे गुस्ता' यांचे नाते तर पहिल्याच धड्यात दाखवता येते. इंग्रजीत आवडणाऱ्या व्यक्तीला कर्तेपद मिळते. मराठी विद्यार्थ्याने आपली 'मला'ची रचना इंग्रजी कर्त्यात बदलावी आणि तेथून पुन्हा स्पॅनिशच्या 'मे'कडे यावे, हा द्राविडी प्राणायाम आहे.

३. 'असेल'चा अर्थ

मग साध्या भविष्यकाळाचा संभाषणात उपयोग काय? त्याचा एक महत्त्वाचा उपयोग अनुमानाचा आहे. मित्र ठरल्या वेळी आला नाही तर मराठी भाषक म्हणतो, 'घरी असेल.' रूप भविष्यकाळाचे, पण बोलणे आत्ताचे. स्पॅनिश भाषक अशा वेळी 'एस्तारा एन कासा' (घरी असेल) असे म्हणतो आणि तेथेही रूप भविष्यकाळाचे, अर्थ वर्तमान अनुमानाचा. 'किती वाजले असतील?' आणि 'के ओरा सेरा?' यांतही हेच साम्य आहे. दोन्ही भाषांत बेत सांगण्याचे काम एका रचनेकडे आणि अनुमानाचे काम दुसरीकडे जाण्याची प्रवृत्ती दिसते. हा मुद्दा इंग्रजी भाषांतरातून समजावताना बराच वेळ लागतो. 'घरी असेल' हे एक वाक्य फळ्यावर लिहिले की तो मराठी विद्यार्थ्याच्या लक्षात येतो.

४. येणे आणि जाणे : जेथे मराठी चकवते

आतापर्यंत मराठीची मदत झाली. 'येणे' व 'जाणे' या क्रियापदांबाबत मात्र ती दिशाभूल करते. मित्र विचारतो, 'संध्याकाळी आमच्याकडे येतोस का?' उत्तर मिळते, 'हो, येतो.' मराठीत ऐकणाऱ्याच्या ठिकाणी पोहोचणे हेही 'येणे'च आहे. स्पॅनिशमधील 'बेनीर' (येणे) हे क्रियापद सामान्यतः बोलणाऱ्याच्या स्थानाशी बांधलेले आहे. म्हणून 'ब्येनेस?' (येतोस का?) या प्रश्नाचे उत्तर 'सी, बोय' (हो, जातो) असे द्यावे लागते. 'बेंगो' (येतो) असे उत्तर दिल्यास ऐकणाऱ्याला ते खटकते. इंग्रजीही या बाबतीत मराठीसारखीच वागते, त्यामुळे इंग्रजीच्या मध्यस्थीने चूक सुधारत नाही, उलट पक्की होते.

आईने हाक मारली की मराठी मूल जागेवरूनच 'आलो!' असे ओरडते. जाणे सुरू झालेले नसते, तरी क्रियापद येण्याचे आणि तेही भूतकाळात. स्पॅनिश मूल 'या बोय!' (आत्ता जातो) असे म्हणते. निरोप घेतानाचा प्रसंग आणखी नाजूक आहे. मराठी घरात 'जातो' म्हणणे अशुभ मानले जाते. पाहुणा 'येतो' म्हणून निघतो. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे चाललास?' असे विचारू नये, असाही संकेत जुन्या पिढीत आहे. स्पॅनिश भाषक मात्र निघताना निःशंकपणे 'मे बोय' (निघतो, जातो) असे म्हणतो. तेथे 'बेंगो' म्हटले तर निरोपाचा अर्थच पोहोचत नाही. विद्यार्थ्याला येथे नियमाबरोबर संकेतातील हा फरकही सांगावा लागतो. कारण त्याची अडचण व्याकरणाची नसून संस्काराची असते.

५. तू, तुम्ही आणि 'उस्तेद'

मित्राला प्रश्न विचारताना 'तू' की 'तुम्ही' हा निर्णय मराठी भाषक विचार न करता घेतो. वर्गमित्राला 'तू', वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला बऱ्याचदा 'दादा' किंवा 'ताई' आणि त्याबरोबर 'तुम्ही'. स्पॅनिशमध्ये 'तू' हाच शब्द जवळिकीसाठी आहे. उच्चार आणि वापर दोन्ही परिचित. आदरार्थी 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या आदरार्थी संबोधनापासून आला असून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते : 'के बा आ आसेर उस्तेद?' समोरच्या व्यक्तीलाच 'साहेब चहा घेणार का?' असे विचारण्याची मराठी पद्धत ज्याला ठाऊक आहे, त्याला या तृतीय पुरुषाचे आश्चर्य वाटणार नाही.

प्रादेशिक भेदही सांगणे आवश्यक आहे. स्पेनमध्ये अनेक मित्रांना उद्देशून 'बोसोत्रोस' वापरतात आणि त्याबरोबर 'बाइस' हे सहावे रूप येते. लॅटिन अमेरिकेत त्या ठिकाणी सर्वत्र 'उस्तेदेस' आहे. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' येतो. कोलंबियाच्या काही भागांत जिवलग मित्रही परस्परांना 'उस्तेद' म्हणतात. मराठीतही प्रदेश, जात आणि पिढी यांनुसार नवरा-बायको वा आई-मुलगा यांच्यातील संबोधने बदलतात, हे लक्षात आणून दिल्यास या भेदांचे स्वरूप समजते. इंग्रजीतील एकमेव द्वितीय पुरुषी सर्वनामातून हा विषय शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याकडे असलेले ज्ञान आधी काढून घेऊन नंतर परत देण्यासारखे आहे.

६. 'आपण' आणि 'आम्ही'

'आम्ही रविवारी भंडारदऱ्याला जाणार आहोत' आणि 'आपण रविवारी भंडारदऱ्याला जाणार आहोत' या दोन वाक्यांत मित्रासाठी केवढे अंतर आहे! पहिल्या वाक्यात तो वगळला गेला आहे, दुसऱ्यात सामील झाला आहे. मराठीतील हा भेद स्पॅनिशमध्ये नाही. 'एल दोमिंगो बामोस आ भंडारदरा' या वाक्यातून ऐकणारा बेतात आहे की नाही, हे कळत नाही; ते संदर्भावरून ठरते. मराठी विद्यार्थी अशा वाक्यातून आमंत्रण गृहीत धरण्याचा अथवा आपल्याला डावलले असे मानण्याचा संभव आहे.

यावर दोन उपाय आहेत. ऐकणाऱ्याने 'किएनेस बान?' (कोण कोण जाणार?) असे विचारावे. बोलणाऱ्याने 'ब्येनेस कोन नोसोत्रोस?' (आमच्याबरोबर येतोस का?) अशी स्पष्ट विचारणा करावी. याउलट केवळ 'बामोस?' असा चढत्या सुरातील प्रश्न आला, तर तो 'जायचं का?' या मराठी प्रश्नाइतकाच सर्वसमावेशक असतो. '-यचं का?' या रचनेत कर्ता अध्याहृत राहतो आणि 'आपण' गृहीत धरले जाते, 'बामोस?' मध्येही सर्वनाम उच्चारले जात नाही.

७. प्रश्न की आमंत्रणाची पूर्वतयारी

बेत विचारणारा प्रश्न बहुधा केवळ माहितीसाठी नसतो. संभाषणविश्लेषणाचे अभ्यासक इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी अशा प्रश्नांना मुख्य कृतीची पूर्वपीठिका मानले आहे : आमंत्रण देण्यापूर्वी नकाराची शक्यता अजमावण्यासाठी ते विचारले जातात. पुढील दोन संभाषणे या दृष्टीने पाहता येतील.

'काय रे, रविवारचा काय बेत?'
'काही खास नाही. का?'
'कळसूबाईला जायचं का?'
'बघू. घरी काम आहे थोडं.'

'के बास आ आसेर एल दोमिंगो?'
'नादा एस्पेस्याल. पोर के?'
'बामोस आल कळसूबाई?'
'या बेरेमोस. तेंगो के ट्राबाहार एन कासा.'

दोन्ही संभाषणांची चाल एकच आहे. 'काही खास नाही' या उत्तराने दार उघडे ठेवले जाते आणि 'का?' या प्रश्नाने आमंत्रणाची वाट पाहिली जाते. 'बघू' आणि 'या बेरेमोस' यांचे साम्य विशेष लक्षणीय आहे. दोन्ही क्रियापदे पाहण्याची, दोन्ही प्रथम पुरुषी अनेकवचनी आणि दोन्हींचा व्यवहारातील अर्थ पुष्कळदा सौम्य नकार असा होतो. स्पष्ट 'नाही' टाळून मैत्री जपण्याची ही रीत दोन्ही भाषांना ठाऊक आहे. नकार देताना 'नो प्वेदो' (मला जमणार नाही) एवढ्यावर न थांबता कारण देणे आणि 'ओत्रो दिया' (पुन्हा कधीतरी) असे जोडणे, हेही मराठी शिष्टाचाराशी जुळते.

एक शब्द मात्र जपून वापरावा लागतो. 'ते इम्बितो' याचा शब्दार्थ 'तुला आमंत्रण देतो' असा असला, तरी चहा-कॉफीच्या प्रसंगी त्याचा अर्थ 'आज माझ्याकडून' असा होतो. म्हणजे पैसे बोलणाऱ्याने द्यायचे.

८. अध्यापनविषयक विचार

वरील विवेचनावरून वर्गातील मांडणीचा एक क्रम सुचतो. प्रथम विद्यार्थ्यांनी मराठीतच मित्राला बेत विचारणारी वाक्ये जमवावीत : 'काय करणार आहेस?', 'काय करतोस?', 'काय बेत?', 'मोकळा आहेस का?', 'जायचं का?' त्यानंतर प्रत्येकासमोर तिची स्पॅनिश जोडी लिहावी. 'मोकळा आहेस का?' या प्रश्नासाठी 'एस्तास लिब्रे?' हा प्रयोग तयारच आहे. साध्या भविष्यकाळाची रूपे त्यापुढील टप्प्यावर, 'असेल'च्या आधाराने शिकवावीत. येणे-जाणे आणि आपण-आम्ही या दोन ठिकाणी मात्र तुलना थांबवून विरोध दाखवावा आणि त्याचा भरपूर तोंडी सराव घ्यावा.

ही पद्धत प्रमाणित परीक्षांच्याही विरोधात जात नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय सामायिक संदर्भ आराखड्यात भाषाक्षमता 'काय करता येते' या निकषावर मोजली जाते. सर्वांतेस संस्थेच्या २००६ च्या अभ्यासक्रम आराखड्यात बेत व हेतू विचारणे हे स्वतंत्र भाषिक कार्य म्हणून नोंदवले आहे. विद्यार्थी तेथवर कोणत्या भाषेच्या मदतीने पोहोचला, हा प्रश्न परीक्षेत विचारला जात नाही.

या भूमिकेच्या मर्यादाही आहेत. मराठीतून स्पॅनिश शिकवण्यासाठी दोन्ही भाषांची जाण असलेला अध्यापक आणि मराठीत लिहिलेले दर्जेदार पाठ्यसाहित्य हवे. तसेच इंग्रजीशी स्पॅनिशची शब्दसंपत्ती लॅटिनमुळे बरीच जुळते, तो लाभ नाकारण्याचे कारण नाही. शब्दसंग्रहासाठी इंग्रजीची मदत जरूर घ्यावी. वाक्यरचना आणि संभाषणाचे संकेत मात्र मराठीच्या आधारे शिकवावेत.

निष्कर्ष

१. मित्राचा बेत विचारण्यासाठी स्पॅनिशमध्ये प्रचलित असलेली 'इर आ' ही रचना अर्थ व उपयोग या दृष्टींनी मराठीतील '-णार आहे' या रचनेशी जुळते.

२. वर्तमानकाळाने भविष्य सांगणे, भविष्यकाळाने अनुमान सांगणे, चतुर्थीने इच्छा सांगणे आणि जवळिकीचे व आदराचे सर्वनाम वेगळे ठेवणे या चारही बाबतींत मराठी ही इंग्रजीपेक्षा स्पॅनिशला जवळची आहे.

३. 'येणे-जाणे' यांचा दृष्टिकोन आणि 'आपण-आम्ही' हा भेद येथे मराठीच्या सवयीमुळे चुका व गैरसमज संभवतात. तेथे विरोधात्मक अध्यापन आवश्यक आहे.

४. इंग्रजीवरील प्रभुत्व ही स्पॅनिश शिकण्याची पूर्वअट मानण्यास भाषाशास्त्रीय आधार नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ज्या भाषेत रोज मित्राला 'काय बेत?' असे विचारतो, तीच भाषा त्याला स्पॅनिशच्या उंबरठ्यापर्यंत नेण्यास समर्थ आहे. तिचा वर्गात उपयोग करावयाचा की नाही, हा निर्णय अध्यापकांच्या हाती आहे.